सूडातून घरातल्यांचा खून झाला तर केस फाशीपर्यंत कशी जाते आणि घरच्यांनी काय करायचं

भाऊबंदकी, बांधाचा वाद नाहीतर जुन्या मारामारीचा राग, आणि त्यातून एखाद्याचं अख्खं घर संपवलं जातं. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या दौंडजवळ पारगावला भीमा नदीत एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले, त्यात लहान मुलंही होती. आधी सगळ्यांना आत्महत्या वाटली आणि मग पोलिसांनी सांगितलं की नात्यातल्याच लोकांनी सूड म्हणून हे केल्याचा संशय आहे. असं काही झालं की मागे राहिलेले लोक पहिल्या दिवसापासून फक्त फाशी फाशी करत राहतात, राग समजतो मला, पण फाशी फार पुढची गोष्ट आहे, आधी गुन्हा साबित व्हायला लागतो आणि तो साबित होणार की नाही हे बरंचसं पहिल्या काही दिवसांत ठरतं. म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, दुष्मनी हा दुधारी पुरावा आहे. सरकारी वकील म्हणणार वैर होतं म्हणून खून केला आणि आरोपीचा वकील त्याच वैराकडे बोट दाखवून म्हणणार की वैर होतं म्हणूनच खोटं अडकवलं. त्यामुळे फिर्याद देताना जे पाहिलं तेवढंच सांगा. तिघे दिसले तर तिघेच, त्यांचा चुलता आणि मेव्हणा पण आत गेला पाहिजे म्हणून नावं वाढवू नका. कोर्टात काय होतं सांगतो. फिर्यादीत तीन नावं असतात, चार दिवसांनी पुरवणी जबाबात सहा होतात, मग उलटतपासात वकील शांतपणे विचारतो, "ही नावं पोलिसांना पहिल्या दिवशी सांगितली होती का?" साक्षीदार म्हणतो हो सांगितली होती. "मग फिर्यादीत का नाहीत?" इथे माणूस गप्प होतो आणि जे तिघे खरंच होते त्यांनाही संशयाचा फायदा मिळायची वेळ येते. कोयता होता की काठी हे नीट दिसलं नसेल तर दिसलं नाही म्हणा, त्याने काही बिघडत नाही. फिर्याद लिहून झाली की वाचून घ्या, मगच सही करा, आणि कॉपी फुकट मिळते ती तिथेच मागून घ्या.

वैर होतं हे तोंडी सांगून भागत नाही, कागद पाहिजेत. आधी पोलीस स्टेशनला दिलेली एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार, तंटामुक्तीत झालेली बैठक, जमिनीचा दावा चालू असेल तर त्याचे कागद, सातबारा, मोजणीची नोटीस, सगळं एका फाईलला लावा आणि तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. धमकीचे व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस मेसेज असतील तर फोन बदलू नका, फॉरमॅट मारू नका, मूळ फोन जपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं आणि मूळ फोन नसेल तर भांडायला जागा मिळते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार गावातलाच असेल तर तो फितूर होण्याची भीती असतेच, त्याचा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायला पोलिसांना सांगा. त्याला धमक्या येत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो, तो जरूर करा, नुसतं घाबरून बसू नका.

चार्जशीटला ९० दिवस असतात, तेवढ्यात नाही आलं तर आरोपीला जामिनाचा हक्क तयार होतो, म्हणून साठाव्या-सत्तराव्या दिवसापासून चौकशी करत राहा. तपास कुठपर्यंत आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायची जबाबदारी पोलिसांवरच आहे. केस शिवाजीनगरला सेशन्स कोर्टात गेली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते. खटला सरकारी वकीलच चालवतो, पण कोर्टाच्या परवानगीने तुमचा वकील त्याच्या मदतीला राहू शकतो. वकिलाची फी परवडत नसेल किंवा घरातला कमावता माणूस गेला असेल तर त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, मोफत वकील आणि नुकसानभरपाई दोन्हीसाठी तिथे जायचं, लाजायचं काही कारण नाही.

आता फाशी. आपल्या पुण्यात लोकांच्या डोक्यात जोशी-अभ्यंकर खटला असतो, १९७६-७७ चे खून आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी. आता तसं पटकन होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये. सूडातल्या खुनांसाठी १९८३ चा माच्छीसिंगचा निकाल महत्त्वाचा आहे, पंजाबात घराण्याच्या वैरातून एका रात्रीत पाच गावांत १७ माणसं मारली होती आणि तिघांची फाशी सुप्रीम कोर्टाने कायम केली. पण अशा मोठ्या हत्याकांडातही प्रत्येक आरोपीने स्वतः काय केलं हे वेगळं बघतात, सगळ्यांना एकच माप लावत नाहीत.

दोषी ठरल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते आणि तिथे आरोपीचं बालपण, तुरुंगातली वागणूक, मानसिक तपासणीचा रिपोर्ट हे सगळं येतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या मनोज निकालापासून तर जास्तच काटेकोरपणे. घरच्यांना हे ऐकवत नाही, मारणाऱ्याचं कौतुक चाललंय असं वाटतं. पण हे नीट झालं नाही तर वर शिक्षा टिकत नाही. वयाचं तर विचारूच नका, १९९४ च्या कोथरूडच्या सात जणांच्या हत्याकांडात फाशी झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी १२ वर्षांचा होता असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्य केलं आणि तो २८ वर्षांहून जास्त काळ आत काढून सुटला. म्हणून आरोपी कोवळा दिसत असेल तर त्याच्या शाळेच्या दाखल्याची तपासणी सुरुवातीलाच करा असं सरकारी वकिलांना लेखी द्या.

सेशन्स कोर्टाने फाशी दिली तरी ती लगेच लागू होत नाही, मुंबई हायकोर्टात दोन जज ती कायम करतात तेव्हाच पुढे जाते. नंतर सुप्रीम कोर्ट, मग पुनर्विचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तिथे सरकारी ढिलाई झाली तर फाशी रद्दही होते, २००७ च्या गहुंजेच्या बीपीओतल्या तरुणीच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमध्ये हायकोर्टाने २०१९ ला उशिराच्या कारणावरूनच फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद केली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं.

आणि खालच्या कोर्टाने जन्मठेपच दिली तर? तुम्ही स्वतः फाशीसाठी अपील करू शकत नाही, तुमचं अपील निर्दोष सुटका, कमी गुन्ह्यात शिक्षा किंवा कमी भरपाई एवढ्याच कारणांवर चालतं. शिक्षा वाढवायचं अपील सरकारने करायचं असतं, तेव्हा निकालाची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात सरकारी वकिलांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच त्याच फाईलला लावा.