ग्राफिक कार्ड बदलायचं का? आधी हे बघा, मग पैसे काढा

बेळगावात कॉलेजची ॲडमिशनं झाली की पोरांचा एकच प्रश्न सुरू होतोय, "गेम लॅग मारालाय, कुठलं कार्ड घेऊ?" आणि माझं उत्तर ठरलेलं, कार्डच लॅग मारालंय हे तुला कुणी सांगितलं मर्दा? गेम अडकतोय म्हणजे कार्डच म्हातारं झालं असं काय नसतंय. रॅम असू शकते, प्रोसेसर असू शकतो, जुनी हार्डडिस्क असू शकते, नुसती धूळ पण असू शकते, आणि यातलं बरंचसं कार्डापेक्षा कितीतरी स्वस्तात सुटतंय.

तर पहिलं काम, एमएसआय आफ्टरबर्नर टाकून घ्या, कार्डावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे, दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर पण चालतंय, आणि त्याच्याबरोबर रिवाट्यूनर टाकू का असं विचारतंय ते पण घ्या कारण स्क्रीनवर आकडे तेच दाखवतंय. मॉनिटरिंगच्या टॅबमध्ये जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) युसेज, टेंपरेचर, कार्डाची मेमरी, रॅम, फ्रेमरेट (एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं) आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, एकेक कोर वेगवेगळा, एवढं चालू करा. मग जो गेम तुम्ही खरंच खेळताय तोच लावा, जिथं अडकतंय तिथंच जावा, मेनूत उभारून बघण्यात काय अर्थ नाही. व्हीसिंक आणि फ्रेम लिमिट, एफपीएसला लगाम घालणारी ही दोन सेटिंग बंद ठेवा नाहीतर आकडे फसवतात.

आता कोपऱ्यात बघा. जीपीयू सारखा ९७-९९ टक्क्यांवर आणि एफपीएस तरी कमी, तर होय, कार्डाचीच ताकद संपलीय. पण जीपीयू ५०-६० वर रेंगाळतोय आणि एफपीएस पडतोय, तर कार्ड बिचारं कामाची वाट बघत बसलंय, त्याला काम पुरवणारा प्रोसेसरच मागं पडलाय. इथं बरेच जण चुकतात, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसतोय म्हणून प्रोसेसर निवांत आहे असं समजतात, पण एकच कोर १०० वर अडकला असला तरी एकूण आकडा कमीच दिसतोय, म्हणून तर कोर वेगवेगळे बघायचे. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरनं ७२० करा. एफपीएस चांगला वाढला तर दोष कार्डाचा, आहे तिथंच राहिला तर नवं कार्ड घालून पण तेवढाच मिळणार. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २ खेळणाऱ्यांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा प्रोसेसरच निघतोय.

आणि कधी कधी दोष कशातच नसतोय. माझ्या मावसभावानं शहापूरला नवीन घरात पीसी हलवला आणि दुसऱ्या दिवशी फोन, "कार्ड गेलं रे." जाऊन टास्क मॅनेजर उघडला तर जीपीयू शून्य म्हणजे इंटेलचं ऑनबोर्ड (प्रोसेसरमधलंच साधं ग्राफिक), ते १०० टक्क्यांवर, आणि जीपीयू एक, म्हणजे त्याचं आरटीएक्स कार्ड, ० टक्के, अगदी आरामात. मॉनिटरची एचडीएमआय केबल वरच्या मदरबोर्डच्या पोर्टात घातलेली! खाली कार्डात घातली, संपलं काम. तवा केबल बघा, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर तर नाही ना ते बघा, रॅमची एकच काडी असली तर तसलीच दुसरी घालून बघा, बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतंय ते मदरबोर्डचं सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू आहे का बघा. गेम अजून हार्डडिस्कवर असला तर एसएसडी घ्या आणि मग बोलूया.

टेंपरेचर ८३-८५ डिग्रीच्या आसपास जाऊन क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, खाली येत असला तर आधी साफसफाई. आपल्याकडं तांबडी माती आणि पावसाळ्यात चार महिने ओल, फरशीवर ठेवलेल्या कॅबिनेटच्या फॅनवर हे दोन्ही मिळून जो थर बसतोय तो नुसत्या फुंकरीनं जात नाही. ब्रश आणि ब्लोअर घ्या, फॅन बोटानं धरून ठेवा. गॅरेजमधला हवेचा पाईप मात्र नको, त्यातनं पाणी येतंय.

बरं, एवढं करून कार्डच दोषी निघालं. तरी लगेच पळू नका. मेमरी भरून झटके येत असतील, ४ जीबीच्या जीटीएक्स १६५० वर हे नेहमीचं आहे, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा, शॅडो कमी करा. कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून ते मोठं करणारी सोय असतेय, त्यातलं डीएलएसएस आरटीएक्सलाच मिळतंय पण एफएसआर जुन्या कार्डावर पण चालतंय, गेममध्ये असलं तर क्वालिटीवर टाकून बघा. समाधान झालं तर अजून वर्षभर ढकला की.

ढकलता येत नाही अशा दोन गोष्टी आहेत. एक, काही नवे गेम रे ट्रेसिंग (उजेड-सावलीचा खराखुरा हिशोब) जमणाऱ्या कार्डाशिवाय चालूच होत नाहीत, २०२५ चं डूम द डार्क एजेस त्यातलंच, तिथं सेटिंग कमी करून काय होत नाही. दुसरं, एनव्हिडियानं जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीजला नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले, पुढं ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. म्हणजे १०६० उद्या बंद पडणार असं नाही, पण नवे गेम खेळणाऱ्यानं आता बजेट काढायला हरकत नाही. १६५०, १६६० वाले या ड्रायव्हरच्या भानगडीत येत नाहीत, त्यांनी त्यासाठी घाबरू नये.

घ्यायचंच ठरलं तर माझा हिशोब असा, तुमच्याच गेममध्ये दीडपट तरी एफपीएस मिळत नसला तर पैसे घालू नका. आणि किंमत कार्डाची एकट्याची धरू नका, एसएमपीएस, म्हणजे पीसीला पॉवर देणारा डबा, बघा. बऱ्याच १६५० कार्डांना ७५ वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधनंच मिळत होते, आरटीएक्स ४०६० ला ११५, एएमडीच्या आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि वरनं वेगळी पॉवर केबल. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, आणि कन्व्हर्टर लावून केबल जोडायचा जुगाड तर नकोच. एसएमपीएस बदलायचाच नसला तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० आहे, ७० वॅटचं, पण ते ८ जीबीच्या ३०५० पेक्षा कमी ताकदीचं, नाव सारखं बघून फसू नका. मदरबोर्ड पीसीआयई ३ चा (कार्डाच्या स्लॉटची जुनी पिढी) असला तर आरएक्स ६५०० एक्सटी टाळा, त्याला डेटा ये-जा करायला चारच लेन आहेत, चांगलाच मार बसतोय. इंटेलचं बी५८० पण जुन्या प्रोसेसरवर आणि रिसायझेबल बारशिवाय (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी बायोसमधली सेटिंग) नको. कॅबिनेटमध्ये टेप लावून लांबी मोजा. आणि जून-जुलैत लाईट ये-जा करते तेव्हा यूपीएस हवाच, पण ६०० व्हीएच्या डब्यावर ३६० वॅटच्या आसपासच मिळतात, तेवढ्यात गेम सेव्ह करून बंद करायचं, खेळत बसायचं नाही.

कुठं घ्यायचं? खडेबाजार, कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरूचा एसपी रोड, ऑनलाइन, सगळीकडं भाव विचारा. बॉर्डर ओलांडली म्हणून जीएसटी कमी होत नाही, दोन्हीकडं १८ टक्केच. कोल्हापूरला हजारभर कमी पडले तर जाण्यायेण्याचं पेट्रोल त्यात धरा, आणि कार्ड बिघडलं तर दुकानदार स्वतः पाठवणार का तुम्हालाच सर्व्हिस सेंटर शोधत फिरावं लागणार हे आधी विचारा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

सेकंडहँड घेत असाल तर पीसीला लावून, समोर बसून अर्धा तास गेम चालवा, फॅनचा आवाज ऐका, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा, जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं बनावट एनव्हिडिया कार्ड असलं तर ते बऱ्याचदा पकडतंय. मालक "घरी लाईट नाही, तसंच घेऊन जा" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आणि जुनं कार्ड लगेच विकू नका. नवं महिनाभर नीट चालू दे, वॉरंटीला गेलं तर तेवढे दिवस हेच लावावं लागणार आहे.