विद्यापीठातले कार्यक्रम: कुठे जावं, कुठून निसटावं

पहिल्या सहामाहीत मी विद्यापीठातल्या एकाही कार्यक्रमाला गेले नाही. दुसऱ्या सहामाहीत दिसेल त्या कार्यक्रमाला गेले. दोन्ही वेळा पदरात पडलं ते सारखंच. दुसऱ्या खेपेला तीन टी-शर्ट आणि अकरा पेनं वर मिळाली, एवढाच काय तो फरक.

पहिल्या वेळी वाटायचं, अभ्यास सोडून कुठे वेळ घालवायचा? आणि खरं सांगायचं तर अनोळखी लोकांत एकटीने जाऊन उभं राहायची धास्ती होती. निकाल बरा लागला, पण वर्गातल्या चौघांपलीकडे आवारात आपल्याला कुणी ओळखत नाही हेही तेव्हाच लक्षात आलं. मग मी दुसरं टोक गाठलं. चर्चासत्रं, करिअर मेळावा, ध्यानाची कार्यशाळा, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, एका आठवड्यात सहा कार्यक्रम. त्याच आठवड्यात एक सबमिशन चुकलं.

आता नवी मुलं विचारतात, "ताई, कशाकशाला जाऊ?" मी उलट विचारते, "खोली केवढी आहे?"

मी हे चेष्टेने विचारत नाही. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात तुम्ही फक्त प्रेक्षक असता, आणि तिथल्या भाषणाचं रेकॉर्डिंग बहुधा नंतर मिळतं. आठ-दहा खुर्च्यांच्या खोलीत कुणीतरी तुमच्याकडे बघून विचारतं, "तुमचं नेमकं कुठे अडलंय?" जाहिरात मात्र नेमकी उलटी असते. मोठ्या कार्यक्रमाचं पोस्टर जिन्याची अख्खी भिंत व्यापतं, आणि छोट्याला आठवड्याच्या मेलच्या तळाशी एक ओळ मिळते. म्हणून मी तो मेल खालून वर वाचते.

अशाच एका ओळीने मला ग्रंथालयाच्या संदर्भशोधाच्या सत्राला नेलं. पाऊण तासाचं सत्र, आम्ही चौघं. आदल्याच महिन्यात मी साठ संदर्भांची यादी रात्रभर जागून हाताने टाइप केली होती. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे, यात पहाट झाली होती. ग्रंथपाल बाईंनी झोटेरो नावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडलं, चार लेख त्यात ओढले आणि एका क्लिकमध्ये यादी तयार करून दाखवली. मला हसावं की रडावं कळेना. पण खरा फायदा पुढे होता. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेखांच्या शोधयंत्रात, शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला की तो जसाच्या तसा शोधला जातो, हे मला ठाऊक नव्हतं. एक चांगला लेख सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येतं, आणि त्याच्याखालच्या 'साइटेड बाय' या दुव्यावरून पुढे, म्हणजे नंतर कुणी कुणी तो वापरला तिथवर, हेही तिथेच कळलं. माझा प्रबंध या एका युक्तीवर उभा आहे. सत्र संपल्यावर बाई म्हणाल्या, "अडलं तर सरळ येत जा, माझं कामच आहे ते." मी गेलेही, निदान दहा वेळा.

'अभ्यास कसा करावा' अशा नावाच्या कार्यशाळांना मात्र मी नाक मुरडायची. इतकी वर्षं अभ्यासच तर करतोय! तिथे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग ऐकला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. मी पुन्हा वाचणाऱ्यांतली. परीक्षेच्या सकाळी सगळं येतंय असं का वाटायचं आणि आठवड्यात ते कुठे उडून जायचं, याचा उलगडा तिथे झाला. त्या दिवसापासून हायलायटर घेणं बंद केलं.

संशोधन करणाऱ्यांची तीन मिनिटांत विषय मांडायची स्पर्धा तुमच्याकडे होत असेल तर प्रेक्षक म्हणून एकदा जाऊन बसा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये ती सुरू केली आणि आता अनेक देशांत होते. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटं, आणि वेळ ओलांडली की बाद. कुठे काय गाळलं जातं ते बघत बसले, तर माझ्या स्वतःच्या सादरीकरणातली निम्मी पानं गळून पडली.

आता करिअर मेळावा, कारण नव्या मुलांची सगळ्यात जास्त फजिती तिथे होते. माझीही झाली. एका नावाजलेल्या कंपनीच्या स्टॉलपुढे चाळीस मिनिटं रांगेत उभी राहिले. नंबर आला. घसा साफ करून विचारलं, "तुमच्याकडे कोणत्या जागा आहेत?" पलीकडच्या बाई न कंटाळता म्हणाल्या, "वेबसाइटवर सगळ्या आहेत," आणि एक पेन पुढे केलं. ते अकरावं.

त्या बाईंचं काही चुकलं नाही. वेबसाइटवर जे आहे ते मेळाव्यात विचारायचं नसतं. येणाऱ्या कंपन्यांची यादी बहुधा आधी मिळते. त्यातल्या चार-पाच निवडा आणि बाकीच्या सोडून द्या. पहिल्या तासात जा, तेव्हा स्टॉलवरच्या माणसाचा आवाज बसलेला नसतो. जिथे नोकरी करायची फारशी इच्छा नाही अशा स्टॉलवर आधी बोलून घ्या. तोतरेपणा तिथे सांडू द्या. स्टॉलवर भरतीवाल्यांबरोबर प्रत्यक्ष काम करणारा कुणी तरुण आलेला असतो, बऱ्याचदा आपलाच माजी विद्यार्थी. त्याच्यापुढे रांग नसते. त्याला विचारा, "या कामात नवा माणूस पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडतो?" मी हा प्रश्न दुसऱ्या वर्षी विचारला, तेव्हा समोरच्याने हातातलं पत्रक खाली ठेवलं आणि दहा मिनिटं बोलत राहिला. त्याच संध्याकाळी त्याला तीन ओळींचा मेल टाका: कुठे भेटलो, काय लक्षात राहिलं, आभार. नोकरी मागायची नाही. दुसऱ्या दिवशी टाकीन म्हटलं की राहूनच जातं, स्वतःवरून सांगते.

रेझ्युमेबद्दल एकच सांगते, कारण ते मला फार उशिरा कळलं. अनेक कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. दोन रकाने, चौकटी, फोनचं चित्र, कौशल्यांचे रंगीत पट्टे यांत ते गोंधळू शकतं. तपासायचं कसं? आपल्या फाइलमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवायचा. माझ्या त्या देखण्या रेझ्युमेत शिक्षणाच्या ओळी अनुभवाच्या मधोमध घुसल्या होत्या, आणि फोन नंबर गायबच. करिअर केंद्रातल्या रेझ्युमे-तपासणीत हे पाच मिनिटांत निघालं. तीही एक छोटी खोलीच: एक टेबल, दोन खुर्च्या.

मॉक इंटरव्ह्यू त्याच खोलीत होतात, आणि त्याला पर्याय नाही. घरी आरशासमोर सराव करून होत नाही, कारण आरसा मध्येच तोडून "म्हणजे नक्की तुम्ही काय केलंत?" असं विचारत नाही. मला तिथे प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम या क्रमाने उत्तर द्यायला शिकवलं. ऐकायला सोपं आहे. रेकॉर्डिंग पाहिलं तर तीन मिनिटांच्या उत्तरात दोन मिनिटं नुसता प्रसंग चालला होता, आणि उरलेल्या मिनिटात "आम्ही केलं, आम्ही ठरवलं". मी-मी करायची लाज वाटते आपल्याला. पण मुलाखत घेणाऱ्याला तुमच्या गटाला नोकरी द्यायची नसते.

ओळखीपाळखी वाढवायच्या म्हटलं की अनेकांना ओशाळल्यासारखं होतं. मलाही व्हायचं, वशिल्याचा वास यायचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गोष्ट मांडली, ती वाचल्यावर ते ओझं थोडं उतरलं. नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ओळखीतून नवी नोकरी कळलेल्या माणसांना त्यांनी विचारलं की त्या काळात ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्के अधूनमधून भेटणारे, तर २८ टक्के क्वचितच भेटणारे. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षं चाललेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही फार घट्ट नाहीत आणि अगदीच नावापुरत्या नाहीत, अशा मधल्या ओळखी नोकरी मिळण्यात सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जिवाभावाची मैत्री जुळायला हवी असं मुळीच नाही. दोन माणसांशी नीट बोललात तरी पुष्कळ झालं.

आरोग्याच्या कार्यक्रमांची मी सगळ्यात जास्त टर उडवली. एकदा झोपेवरचं व्याख्यान रात्री नऊला ठेवलं होतं, त्यावर आमच्या गटात महिनाभर विनोद चालले. मग परीक्षेच्या पंधरवड्यात आवारात कुत्रे आणले. प्रशिक्षित, शांत, कुरवाळून घेणारे. मी निव्वळ कुत्र्यासाठी गेले. यावर अभ्यासही झालाय हे नंतर कळलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसतं बघत किंवा वाट पाहत बसलेल्यांपेक्षा कमी आढळलं. माझं कॉर्टिसॉल कुणी मोजलं नाही. पण शेजारी जमिनीवर बसलेल्या बाई समुपदेशन केंद्रातल्या निघाल्या. कुत्र्याच्या कानामागे खाजवत त्यांनी विचारलं, "झोप लागते का?" मी म्हटलं, "पहाटे चारनंतर." त्या म्हणाल्या, "मग एकदा येऊन जा की. काही मोठं घडलेलं असावंच लागतं असं नाही."

मी तीन आठवड्यांनी गेले, कारण त्याआधीची वेळच मिळाली नाही. परीक्षेच्या सुमारास तिथली रांग लांबते. म्हणून सांगते, सहामाहीच्या सुरुवातीला, सगळं ठीक चाललेलं असताना, त्या केंद्राची जागा एकदा बघून या. वेळ कशी घ्यायची ते विचारा. "इथे बोललेलं कुणाकडे जातं?" हेही विचारा. बहुतेक केंद्रं बोलणं गोपनीय ठेवतात आणि जिवाला धोका असेल तरच अपवाद करतात, पण तुमच्या ठिकाणचा नियम त्यांच्याच तोंडून ऐकलेला बरा. आणि एखाद्याची अवस्था खरंच बिकट असेल तर कार्यक्रमाची किंवा रांगेची वाट बघायची नाही. तातडीचा नंबर लावायचा, सोबत जायचं.

ध्यानाच्या एका तासाने काही झालं नाही म्हणून मी ते निकालात काढलं होतं, तो माझा उतावळेपणा होता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा आहे आणि त्यात रोज घरी सरावही असतो. तासाभराची कार्यशाळा म्हणजे नुसती तोंडओळख. मला अजूनही ते फारसं जमत नाही. संध्याकाळचा चालण्याचा गट मात्र जमला, तिथे डोळे मिटावे लागत नाहीत.

आता माझा शिरस्ता असा आहे: आठवड्याला एक कार्यक्रम, त्यातही छोट्या खोलीला आधी मान. महिन्यातून एकदा अगदी आपल्या विषयाबाहेरचा. नाव नोंदवून जमणार नसेल तर रद्द करायचं, कारण दहा जागांतली एक आपण अडवलेली असते. उलट, प्रतीक्षायादीत असाल तर वेळेवर दारात जाऊन उभे राहा. न सांगता गैरहजर राहणारे एक-दोन असतातच.

आणि मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमाला जायचंच असेल तर स्वयंसेवक म्हणून जा. पाहुण्यांना फाटकापासून सभागृहापर्यंत आणायचं काम कुणाला नको असतं, ते मागून घ्या. मी घेतलं, आणि पाहुण्यांना चुकीच्या इमारतीत नेलं. तीन जिने चढून परत उतरलो. मी शरमेने अर्धी झाले होते. ते मात्र धापा टाकत विचारत होते, "तुम्ही कशावर काम करताय?" वाट सापडेपर्यंत मी सांगत राहिले. सभागृहाच्या दारात त्यांनी माझ्या वहीत एक नाव लिहून दिलं, म्हणाले, "यांना लिहा, माझं नाव सांगा." भाषण तीनशे जणांनी ऐकलं. त्यातलं मला आज एक वाक्य आठवत नाही. वहीतल्या त्या बाईंना मी त्याच रात्री लिहिलं, दोन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडेच घरून इंटर्नशिप केली. त्यांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही.