गॅरेजचं दार बदलताय? या चुका टाळा

नवं दार घेताना लोक पत्रा ठोकून बघतात, रंग निवडतात, मोटरचा आवाज ऐकतात. चोराला यातल्या कशाशीच देणंघेणं नसतं. पत्रा कापायला वेळ लागतो, आवाजही होतो, म्हणून तो जोड शोधतो: कुलपाचं हँडल, दाराचा खालचा कोपरा, भिंतीत सैल बसलेला गाईड (दार ज्यातून सरकतं ती कडेची खाच), आत लोंबणारी दोरी. दार घेताना आणि बसवताना नेमक्या याच जागांकडे दुर्लक्ष होतं.

मिलिमीटरऐवजी गेज विचारणं

गेजचा हिशोब उलटा असतो. आकडा मोठा, तर पत्रा पातळ. रोलिंग शटरच्या पत्र्यात १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे ०.७ मिमी. त्यातून गेजचे तक्तेही एकाहून जास्त आहेत, त्यामुळे कोटेशनवर जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्या. सेक्शनल दार (आडव्या तुकड्यांचं, वर जाऊन छताखाली सरकणारं) "४० मिमी जाड" आहे असं सांगितलं जातं तेव्हा त्यातला बहुतेक भाग फोम असतो आणि दोन्ही बाजूंचा पत्रा जेमतेम अर्धा मिमी. उष्णता अडवायला फोम उत्तम, कटावणीपुढे मात्र त्याचा भरवसा नाही.

जाडीपेक्षा चाचणीचा वर्ग विचारणं जास्त उपयोगाचं. ईएन १६२७ या घरफोडीविरुद्धच्या युरोपीय मानकात आरसी २ वर्गाचं दार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकावं लागतं. आरसी ३ मध्ये कटावणीची भर पडते आणि वेळ ५ मिनिटं होते. घरासाठी आरसी २ ही आमच्या मते किमान अपेक्षा. हा वर्ग दार, चौकट, कुलूप आणि बसवण्याची पद्धत या सगळ्यांना मिळून दिलेला असतो. मिस्त्रीने बारा बोल्टच्या जागी सहा मारले किंवा कुलूप स्वस्तातलं बसवलं, की प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

दाराच्या प्रकाराची कमजोर जागा माहीत नसणं

एकाच पत्र्याचं, वर उचलून आत सरकणारं दार बहुतेकदा मधल्या एका हँडलच्या भरवशावर असतं. हँडल फिरवलं की आतल्या दोन तारा खेचल्या जातात आणि कडेच्या खिट्ट्या सुटतात. हँडल उपटून भोकातून तार ओढली, तरी तेच होतं. शिवाय खालचे दोन्ही कोपरे मोकळे असल्याने पत्रा वाकवता येतो. असं दार घ्यायचंच असेल तर चार ठिकाणी अडकणारं आणि तारांवर झाकण असलेलं घ्या, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंना वेगळे बोल्ट लावा. दाराला मोटर असेल तर या बोल्टला मोटर बंद ठेवणारा स्विच हवाच. नाहीतर एक दिवस बोल्ट लावलेला असताना रिमोट दाबला जातो आणि पत्रा वाकतो किंवा मोटरचे दाते झिजतात.

बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांच्या दारात बिजागऱ्या बाहेर येतात. पिन ठोकून काढली की झडप हातात. म्हणून बिजागरीच्या बाजूने चौकटीत शिरणारे पक्के खुंट हवेत, म्हणजे पिन निघाली तरी झडप जागची हलत नाही. कायम बंद राहणाऱ्या झडपेची खालची कडी काँक्रीटमध्ये खोल शिरली पाहिजे. फरशीच्या सांध्यातलं भोक काही महिन्यांत झिजून मोठं होतं. कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, पट्टीच्या बाहेर ३ मिमीपेक्षा जास्त डोकावत असेल तर तो पकडीत धरून मोडता येतो. ही गोष्ट बोट फिरवूनसुद्धा कळते.

पट्ट्यांच्या रोलर शटरमध्ये दोन गोष्टी तपासा. पहिली, गाईडची खोली. गाईड उथळ असेल आणि पट्ट्यांच्या टोकांना अडकण नसेल, तर मधोमध जोर दिल्यावर पट्ट्या गाईडबाहेर येतात. दुसरी, शटर वर उचलण्यापासून रोखणाऱ्या वरच्या लॉकिंग पट्ट्या. हे लॉक दिसत नाही, त्यामुळे ते काम करतंय की नाही हे कोणी बघतच नाही. शटर पूर्ण बंद करा, बाहेरून खालच्या पट्टीला दोन्ही हात लावून जोरात वर ढकला. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलून ते घट्ट अडलं पाहिजे. वरवर जात राहिलं, तर बहुतेक वेळा दोष शटरचा नसून मोटरच्या खालच्या लिमिटचा, म्हणजे मोटर कुठे थांबायची त्या खुणेचा असतो. खालची पट्टी जमिनीला टेकताच मोटर थांबते, पण लॉकिंग पट्ट्या जागेवर बसायला शटर गुंडाळणाऱ्या दांड्याला अजून थोडं फिरावं लागतं. लिमिट किंचित खाली घ्या आणि पुन्हा ढकलून बघा. फार खाली घेतलं तर पट्ट्या एकमेकींवर चढून आवाज येतो, तेवढं जपा.

आतली दोरी तशीच सोडणं

मोटरवर चालणाऱ्या सेक्शनल दारात वीज गेल्यावर दार हाताने उघडावं म्हणून मोटरच्या रेलवर सरकणाऱ्या ट्रॉलीला लाल दोरी असते. दार बंद असताना ही ट्रॉली दाराच्या वरच्या कडेला अगदी लागून येते. वरच्या रबरात पाचर घालून फट केली आणि वाकवलेली तार आत सारून ट्रॉलीचा दोरी बांधलेला खटका ओढला, की मोटर सुटते आणि दार हाताने वर जातं.

दोरी कापून टाकू नका. वीज गेली किंवा कोणी आत अडकलं तर तीच उपयोगी पडते. खटक्यावर ढाल म्हणून मिळणारी पट्टी बसवा, दोरीच्या टोकाचं टी आकाराचं हँडल काढून साधी गाठ ठेवा आणि वरचं रबर कडक, दाबून बसणारं घ्या. वरच्या भागात काच असेल तर ती लॅमिनेटेड आणि धुरकट हवी. काच फोडून हात घातला तरी दोरी मिळते, आणि पारदर्शक काचेतून गाडी घरात आहे की नाही हेही दिसतं.

नव्या दाराला जुना रिमोट

दार नवं आणि मोटर जुनीच, ही काटकसर महागात पडते. जुन्या रिमोटमध्ये बारीक स्विच वर-खाली करून ठरवलेला एकच कायमचा कोड असतो. असे १२ स्विच असतील तर एकूण ४,०९६ कोड होतात. सुरक्षा संशोधक सॅमी कमकार यांनी २०१५ मध्ये एका खेळण्यात फेरफार करून हे सगळे कोड दहा सेकंदांच्या आत पाठवून दाखवले. त्यामुळे दर वेळी बदलणारा कोड, म्हणजे रोलिंग कोड असलेली मोटरच घ्या. फोनवरून चालणारी असेल तर मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि रिमोट गाडीत लटकवून गाडी बाहेर उभी करू नका. गाडीची काच फुटली की घरही उघडतं.

माप एकाच ठिकाणी घेणं

गाळ्याची, म्हणजे दार बसायच्या मोकळ्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची दोन्ही कडांना आणि मधोमध. मग दोन्ही कर्ण मोजा. २४०० × २१०० मिमीच्या गाळ्याचा कर्ण सुमारे ३१८९ मिमी यायला हवा. दोन कर्णांत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाळा काटकोनात नाही. आधी भिंत दुरुस्त करा. वाकड्या गाळ्यात सरळ दार बसवलं की एका बाजूला पाचरीसारखी फट राहते, आणि कटावणीला टोक घालायला तेवढंच लागतं. लिंटेलच्या वर किती जागा आहे आणि गाईडसाठी दोन्ही बाजूंना किती मोकळी भिंत आहे, हेही ऑर्डर देण्यापूर्वीच बघा.

भिंत कशाची आहे हे तर फार थोडे लोक विचारतात. भरीव वीट किंवा काँक्रीट असेल तर १० मिमीचे अँकर बोल्ट साधारण अर्ध्या मीटरवर एक पुरतात, पण सर्वात खालचा बोल्ट जमिनीजवळच हवा, कारण जोर तिथे लावला जातो. पोकळ ब्लॉकमध्ये असा आवळल्यावर भोकात फुगणारा अँकर धरत नाही. तिथे जाळीची नळी घालून केमिकल अँकर (रसायनाने चिकटणारा) भरावा लागतो. भिंतीच्या कडेजवळ तर फुगणारा अँकर वीटच फोडतो. बोल्टची डोकी बाहेरून दिसत असतील, तर ती पान्याने सुटणारी नकोत.

नव्या दाराला जुनी स्प्रिंग

स्प्रिंग दाराच्या वजनानुसार ठरते. मजबूत दार जड असतं, म्हणून जुन्या स्प्रिंगवर ते लटकत राहतं आणि सगळा भार मोटरवर येतो. नेहमीच्या टॉर्शन (पीळ देऊन ताणलेल्या) स्प्रिंगचं आयुष्य १०,००० फेऱ्यांचं धरतात. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर जेमतेम सात वर्षं. तपासायला मोटर सोडवा, दार हाताने कंबरेइतकं उचला आणि हळूच सैल सोडा. ते तिथेच थांबलं पाहिजे. खाली घसरलं तर स्प्रिंग कमजोर, वर पळालं तर ताण जास्त. हा ताण स्वतः बदलायला जाऊ नका. गुंडाळलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडण्याइतका फटका बसतो.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

दार खाली येतं आणि अर्ध्यातून परत वर जातं: जमिनीपासून १० ते १५ सेंमीवरचे दोन्ही सेन्सर एकमेकांसमोर आहेत का, काचेवर धूळ आहे का, ठरावीक वेळी त्यांच्यावर थेट ऊन येतं का, ते बघा. सेन्सर तोडून दार चालवणं हा उपाय नाही. मध्ये मूल आलं तर दार त्याला लागण्याआधीच थांबवायला ते असतात.

दार एका कोपऱ्यात टेकतं आणि दुसऱ्यात फट राहते: आधी जमिनीला लेव्हल लावा. जमीन सरळ असेल तर दार उचलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण वेगळा आहे.

आणि गॅरेजमधून घरात जाणारं दार विसरू नका. तिथे बहुतेक घरांत आतल्या खोलीचं पोकळ दार आणि नावापुरती कडी असते. ते भरीव असू द्या, त्याला चांगलं कुलूप लावा आणि ते आपोआप मिटेल असं बसवा, म्हणजे गाडीचा धूरही घरात येणार नाही.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बसवणाऱ्यासमोर तीन गोष्टी करून बघा: बंद दार बाहेरून उचलून, वीज बंद करून हाताने उघडून, आणि सुमारे ४ सेंमी जाडीचा लाकडाचा ठोकळा दाराखाली आडवा ठेवून. ठोकळ्याला टेकताच दार उलट वर गेलं पाहिजे.