जायकवाडीच्या जुन्या अहवालांतील पाठची शाई कशी आवरली

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्या काळातील माझ्या हाती आलेल्या सिंचन अहवालांचे कागद इतके पातळ आहेत की स्कॅन करताना मागच्या बाजूची शाई पुढच्या तक्त्यात उमटे आणि ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखणारी संगणकीय पद्धत) १ चा ९ करून टाकी. प्रत्येक पानामागे काळा कार्डपेपर ठेवून ४०० डीपीआयवर (दर इंचाला ४०० ठिपके) करड्या छटांत स्कॅन केल्यावर हा त्रास बहुतांशी गेला. निव्वळ कृष्णधवल स्कॅन टाळावे, कारण त्यात समासातील पेन्सिलीच्या दुरुस्त्या नाहीशा होतात, आणि माझ्या मते अनेकदा त्याच खऱ्या असतात. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठी व इंग्रजी या भाषा एकत्र दिल्या, तरी पाणीपातळीचे आकडे मूळ पानाशी ताडून पाहावेच लागले. मूळ प्रतिमा टिफ या फाइल-प्रकारात जपून वाचकांसाठी पीडीएफ-ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) काढली.