क्रॉस स्टिचचा छोटा सॅम्पलर भेटकार्डात कसा बसवावा

फुल्यांचे टाके, म्हणजेच क्रॉस स्टिच, येत असतील तर भेटकार्डापुरता सॅम्पलर, म्हणजे भरतकामाचा छोटा नमुना, भरणं कठीण नाही. अक्षरं, तारीख, एखादं फूल आणि भोवती किनार, एवढंच तर असतं. खरं काम त्यापुढचं आहे. भरलेलं कापड कार्डाच्या खिडकीत, म्हणजे कार्डात कापलेल्या चौकटीत, सरळ, सपाट आणि डाग न पडता बसलं पाहिजे. ‘आता कापड मागून चिकटवा’ या एका वाक्यात ही पायरी उरकणाऱ्या कृती वाचल्या की मला राग येतो, कारण कित्येक संध्याकाळी जागून केलेलं भरतकाम नेमकं तिथेच वाया जातं.

आधी खिडकी ठरवा, नक्षी नंतर. ७० × ९० मिलिमीटरची उभी खिडकी सोयीची पडते. आयडा म्हणजे फुल्या मोजून भरण्यासाठीचं, चौकोनी विणीचं कापड. १४ काउंटच्या आयडावर इंचाला १४ चौकोन असतात, म्हणजे या खिडकीत साधारण ३८ × ४९ चौकोन दिसतात. चारही बाजूंना तीन-तीन चौकोन मोकळे हवेतच, तेव्हा नक्षी ३२ × ४३ च्या आत ठेवा. याहून मोठी नक्षी आवडली असेल तर खिडकी मोठी करा. कडेला टेकलेली किनार जरा जरी तिरकी झाली तरी लगेच नजरेत भरते.

नाव आलेख कागदावर उतरवल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. शिरोरेघ म्हणजे फुल्यांची एक सरळ ओळ, त्यामुळे देवनागरी अक्षरं वाटतात त्यापेक्षा सोपी जातात. मात्र वेलांट्या-मात्रांसाठी वर आणि उकारासाठी खाली तीन-तीन ओळी राखल्या नाहीत, तर ‘गौरी’च्या मात्रा किनारीत घुसतात. जोडाक्षरं फुल्यांनीच भरायचा हट्ट धरू नका, ती एकेरी धाग्याच्या बॅकस्टिचने, म्हणजे सलग रेघेसारख्या टाक्याने, स्वच्छ येतात. बाळाच्या जन्माचं कार्ड असेल तर नावाबरोबर तारीख आणि वारही भरा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉकचा १५९८ सालचा सॅम्पलर आहे. तारीख असलेला सर्वांत जुना ब्रिटिश सॅम्पलर म्हणून तो ओळखला जातो. अ‍ॅलिस ली हिचा जन्म २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी दुपारी झाला, अशी नोंद त्यावर टाक्यांत आहे. सॅम्पलरवर जन्माची नोंद करायची रीत इतकी जुनी आहे आणि मला ती फार आवडते.

भरताना दोन धागे, २४ नंबरची बोथट टोकाची सुई, आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला. गाठ मारू नका, कार्डात ती टेंगळासारखी वर येते. गडद धागा मागून तीन-चार चौकोनांपलीकडे ओढत नेऊ नका, पांढऱ्या कापडातून तो आरपार दिसतो. झाल्यावर धुऊन, टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करा.

कार्डासाठी २५० जीएसएमच्या (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा ए४ कागद आडवा धरून २९७ × १४० मिलिमीटरचा कापा. उलटी बाजू वर ठेवून डावीकडून ९७ आणि १९७ मिलिमीटरवर, रिकाम्या बॉलपेनने पट्टीला धरून रेघ दाबा आणि मग घड्या घाला. न दाबता घातलेली घडी फुटते. मधल्या भागात खिडकी कापा, वर २२ आणि खाली २८ मिलिमीटर सोडून. पातं नवं हवं. डावा भाग तीन मिलिमीटर अरुंद ठेवलाय, कारण तो खिडकीमागे झाकण म्हणून आत वळतो.

आता कापड बसवायचं. इथे मीही पुष्कळ दिवस अडखळले आहे, म्हणून सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, डिंक किंवा कोणताही ओला गोंद वापरू नका. आयडाला भोकंच भोकं असतात. गोंद त्यांतून वर येतो, सुकल्यावर पिवळट डाग दिसतो आणि कागद फुगतो तो वेगळाच. सहा मिलिमीटर रुंदीची दुहेरी टेप घ्या. खिडकीच्या कडेपासून एक मिलिमीटर सोडून चारही बाजूंना मागून लावा. कापड खिडकीपेक्षा प्रत्येक बाजूला आठ मिलिमीटर मोठं, म्हणजे ८६ × १०६ चं, अगदी शेवटी कापा. आधी कापून ठेवलंत तर कडेचे धागे सुटतात.

दुसरी गोष्ट, कापड उचलून कार्डाच्या पाठीवर ठेवू नका. मागून आपल्याला नक्षी दिसत नाही, नुसता अंदाज असतो. कापड टेबलावर सुलटं ठेवा आणि कार्ड त्यावर वरून उतरवा. टेपचा कागद मात्र एकदम काढायचा नाही. प्रत्येक पट्टीचं एक टोक सेंटिमीटरभर सोडवून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे कार्ड कापडावर असतानाही ते चिमटीत धरता येतं. खिडकीतून बघत कार्ड हलकेच सरकवा. नक्षी मध्यावर आली का, हे चौकोन मोजून ठरवा. मग नक्षी विसरून विणीकडे बघा. खिडकीच्या वरच्या कडेलगत भोकांची एकच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसली पाहिजे. डावीकडे पहिली आणि उजवीकडे दुसरी ओळ दिसत असेल तर कापड तिरकं आहे.

जुळलं की फक्त वरच्या पट्टीचं टोक ओढून कागद काढा आणि बोटाने दाबा. परत बघा. मग खालची पट्टी, शेवटी दोन्ही बाजूंच्या. कापड फक्त सुरकुती जाईल इतकंच सरळ करा. ‘ढोलासारखं ताणा’ असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका, ताणलेलं कापड परत आखडतं आणि कार्डाला बाक येतो.

मागे खिडकीपेक्षा किंचित लहान कापलेली पातळ वॅडिंग, म्हणजे कापसासारखी मऊ भरण, ठेवा, धाग्यांची टोकं त्यात दबून जातात. मग मधल्या भागाच्या कडांना टेप लावून झाकण घडीकडून बाहेरच्या दिशेने दाबत बंद करा. टेप कापडावर थोडी आली तरी चालते.

पाकीट कार्डापेक्षा पाच-सहा मिलिमीटर मोठं घ्या, वॅडिंगमुळे जाडी वाढलेली असते. आणि पत्ता कार्ड आत घालण्याआधी लिहा, पेनचा दाब टाक्यांवर उमटतो.