जुनी युरोपियन सेडान घेताना आधी गालिचा उचला

मुंबईत वापरलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया किंवा सुपर्ब, ऑडीची ए४ किंवा बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज बघायला गेलात की रंगावर भाळू नका. आधी पुराच्या पाण्याच्या खुणा शोधा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ, स्टेपनीखाली चिखल किंवा सीटच्या रुळांवर गंज दिसला, तर गाडी तिथेच सोडा. वायरिंगचे जोड बरेचदा गालिच्याखाली असतात. ओल मुरली की काही महिन्यांनी एकेक सेन्सर दगा देतो.

मग गिअरबॉक्स. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीला (दोन कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सायनच्या ट्रॅफिकमधलं इंच-इंच सरकणं सोसत नाही, क्लच तापून झिजतो. गाडी चांगली गरम झाल्यावर चढावर अगदी हळू चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली तर खर्च मोठा आहे. सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा (वेट क्लच) डीएसजी असेल तर ६०,००० किमीला तेल बदलल्याचं बिल मागा.

रोजचं जाणं अंधेरी ते बीकेसी एवढंच असेल तर बीएस ६ डिझेल नकोच, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) तुंबतो. पेट्रोल घ्या.

नवी घेतानाही मोठ्या चाकांचा मोह टाळा. पातळ टायर असले की खड्ड्यात रिम वाकते.

आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.