किशोरवयीन मुलांची आहार-प्रश्नावली तपासताना या चुका टाळा

प्रश्नावली भरवशाची आहे का हे पाहायला त्याच मुलांकडून ती पुन्हा भरून घेतली आणि उत्तरं जुळली नाहीत, की पहिला संशय मुलांवर जातो. 'ही पोरं काहीही लिहितात' असं म्हणून प्रकल्प गुंडाळण्याआधी आपलं वेळापत्रक तपासा. दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.

मुंबईत तर हमखास. पहिली फेरी जुलैच्या मध्यात आणि दुसरी ऑगस्टच्या मध्यात घेतली, तर बहुतेक वर्षी मध्ये श्रावण लागतो. अनेक घरांत मटण-मासळी बंद, उपवासाची साबुदाण्याची खिचडी सुरू. कोळीवाड्यात उलटं: 31 जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते आणि ताटात ताजी मासळी परत येते. मुलांनी दोन्ही वेळा खरंच लिहिलेलं असतं, आहारच बदललेला असतो. परीक्षा, गणपती, दिवाळीची सुट्टी यांचंही तेच. दोन फेऱ्यांत साधारण 2 ते 4 आठवडे ठेवा; दोनच दिवसांनी विचारलंत तर मुलं आधीचं उत्तर आठवून लिहितील. हे आठवडे एकाच ऋतूत, शाळा सुरळीत चालू असताना यावेत.

दुसरी चूक मापाची. 'एक वाटी' म्हणजे केवढी? घरची आमटीची वाटी आणि कँटीनमधली वाटी वेगळी. मापाची वाटी, चमचा, पेला वर्गात ठेवा, निदान फोटो दाखवा. वडापाव, समोसा, इडली मात्र नगावर विचारा. आणि पहिली फेरी घरी आईशेजारी बसून, दुसरी वर्गात मित्रांसोबत, असं करू नका. आईसमोर चिप्सची पाकिटं कमी होतात.

आता आकडे. दोन फेऱ्यांची उत्तरं सोबत वर-खाली होतात का एवढंच सांगणारा सहसंबंध गुणांक देऊन थांबणं ही मला सर्वांत घातक चूक वाटते. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने बरोबर दुप्पट दूध लिहिलं, तरी हा गुणांक 1 येईल! म्हणून मूल्यांची प्रत्यक्ष जुळणी मोजणारा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोइफिशंट) काढा, सोबत संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांचा 1986 पासून रूढ झालेला, दोन फेऱ्यांतल्या फरकांचा आलेख. 'रोज, आठवड्यातून एकदा, कधीच नाही' अशा क्रमवार पर्यायांसाठी भारित कप्पा (weighted kappa), म्हणजे योगायोगाने जुळणारी उत्तरं वगळून जुळणी मोजणारा गुणांक, वापरा, कारण जुळलेल्या उत्तरांची नुसती टक्केवारी फसवते: शाकाहारी मुलांच्या वर्गात 'मटण कधीच नाही' हे उत्तर आपोआप जुळतं. प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे मोजणारा क्रॉनबॅक अल्फा इथे नको. पोहे आणि पनीर एकाच गुणाचं मोजमाप करत नाहीत.

गुणांक चांगला आला म्हणून प्रश्नावली खरी ठरत नाही. दोन्ही वेळा सारखंच चुकीचं लिहिता येतं. त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांच्या 24 तासांच्या आहार-नोंदींशी तुलना वेगळी करावी लागते.

एवढी काळजी घेऊनही गुणांक कमी आला, तर प्रश्नवार फरक काढा. सर्वांत जास्त हलणारे प्रश्न घेऊन चार-पाच मुलांना ते मोठ्याने वाचायला आणि काय समजलं ते सांगायला लावा. 'फळांचा रस' म्हटल्यावर कुणी उसाचा रस धरतो, कुणी टेट्रापॅक. तो प्रश्न फोडून दोन करा आणि नव्या मुलांवर पुन्हा तपासा.